डॉक्टर, हा प्रश्न कुणाला विचारून ठरवलात?

जुना_कारकून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त, कोथरूडला राहतो, चौदा वर्षांपासून मधुमेहाचा पेशंट. चार वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीवर मला 'सामान्य व्यक्ती' म्हणून घेतलं. (कुठलं रुग्णालय ते विचारू नका, सांगणार नाही.) पत्र वाचून बायको म्हणाली, "सामान्य म्हणून लेखी नेमणूक मिळालेले तुम्ही आमच्या दोन्ही घराण्यांत पहिलेच."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माणसांवर नव्या औषधाची चाचणी करायची तर अशा समितीची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे समितीत किमान सात जण हवेत, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि एक सामान्य व्यक्ती. बैठकीला पाच जणांचा कोरम लागतो आणि त्या पाचांतही सामान्य व्यक्ती असावीच लागते. म्हणजे मला ताप आला की बैठक पुढे ढकलतात. माझ्या आयुष्यात एवढा मान मला बँकेतही नव्हता.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात एक प्रस्ताव आला. टाइप टू मधुमेहींनी रात्रीच्या जेवणानंतर ठरावीक वेळ चालायचं, आणि एचबीए१सी (साखरेची एक रक्ततपासणी) किती उतरतं ते बघायचं. औषधबिषध काही नाही, निरुपद्रवी अभ्यास. मी सहज विचारलं, "डॉक्टर, एचबीए१सीच मोजायचं हे कुणाला विचारून ठरवलंत? एखाद्या पेशंटशी बोलला होतात?"

खोलीत शांतता. मग तो तरुण डॉक्टर (अगदी नम्र मुलगा आहे) म्हणाला, "काका, सहभाग आहे ना, दोनशे चाळीस पेशंट आहेत."

मी तेव्हा हसलो. पण घरी येताना रिक्षात विचार केला, त्याची काय चूक? आपला शब्दच तसा आहे. रक्त देणाराही सहभागी, आणि रक्त कशासाठी काढायचं हे ठरवायला बसलेलाही सहभागी. पहिल्या अर्थाने आम्ही दोनशे चाळीस आहोत. दुसऱ्या अर्थाने कुणी नाही.

मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते ऐका. रात्री दोनला घामाने भिजून जाग येते, हात थरथरतात, साखर उतरलीय हे कळतं, आणि अंधारात स्वयंपाकघरापर्यंत पोचायचं असतं. मी उशाशी पारले-जीचा पुडा ठेवतो. मी जी गोळी घेतो ती साखर खाली नेणाऱ्यांपैकी आहे. त्यात रात्रीचं चालणं वाढवलं तर माझी भीती वाढणार. एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. सरासरीत माझी दोन वाजताची रात्र दिसत नाही, उलट साखर उतरली की आकडा आणखी छान दिसतो!

तर इथल्या संशोधक मंडळींना प्रश्न. लोकांना आधी विचारण्याबद्दल तुमच्या मनात खरंच काय असतं? भीती, कंटाळा, की वेळच नसतो?

---

पर्वतीपायथा

वाचतोय. पारले-जीला +१.

---

डॉ_खवचट

काका, टोपणनावाने लिहितोय म्हणून खरं सांगतो. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमला (म्हणजे सामाजिक आरोग्य विभागात) शिकवतो.

परिषदेत विचाराल तर आम्ही सगळे बाजूनेच. लोकांना विचारू नये असं माइक हातात घेऊन म्हणणारा डॉक्टर मला अजून भेटायचाय. मग केबिनमध्ये काय होतं? अनुदानाची जाहिरात येते, अर्जाला सहा आठवडे. त्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा, ओपीडी, एनएमसीचं (वैद्यकीय महाविद्यालयांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं) इन्स्पेक्शन. लोकांना भेटायचं तर जायला गाडी लागते, त्यांचा रोज बुडतो तो द्यायला हवा, निदान चहा पाजायला हवा. हे पैसे अनुदान मिळाल्यावर मिळतात. आणि अनुदान मिळालं की प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, बांधलेला असतो, मग विचारून बदलणार काय? म्हणून आम्ही विचारतो ते शेवटी, आणि तेही एकच: "पत्रकाचा रंग कुठला आवडेल?" याला लोकसहभाग म्हणून अहवालात एक परिच्छेद.

दुसरं, अहंकार. "पेशंटला काय कळतंय" हे वाक्य कुठल्याही अर्जात सापडणार नाही, कँटीनमध्ये सापडेल. दहा-बारा वर्षं शिकून जो प्रश्न सुचला तो एखाद्या भाजीवाल्याने चुकीचा ठरवला तर? नुसत्या कल्पनेनेच पोटात गोळा येतो.

आणि तिसरं जे कुणी बोलत नाही. विचारलं की ऐकावं लागतं. आम्ही एका गावात रक्तक्षयाचा अभ्यास करायला गेलो. बायकांना गोल करून बसवलं, मोठ्या उत्साहाने विचारलं, आरोग्याचा तुमचा पहिला प्रश्न कोणता? त्या म्हणाल्या, नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं, हंडे वाहून कंबर गेली, त्याचं बघा. आता मी पाण्याचं काय बघणार? माझ्याकडे लोहाच्या गोळ्यांचं अनुदान. वहीत एक रकाना होता, 'अभ्यासाच्या कक्षेबाहेर'. त्यात लिहून टाकलं. पुढच्या वेळी गोल करून बसवायचं धाडस झालं नाही.

---

फील्डवाली

डॉक्टर, तुमची ती वही आमच्यासारख्या बायका भरतात. 😊

मी अकरा वर्षं फील्डवर होते. पुरंदर तालुक्यातल्या एका गावात रक्तातली साखर तपासायची होती. पुण्याहून छापील चिठ्ठ्या आल्या: "सकाळी आठ वाजता उपवास करून यावे." इंग्रजी कागदाचं कुणीतरी मराठी केलं होतं. त्यातून त्या दिवशी निघाली संकष्टी. बायका अंघोळी करून, कुंकू लावून वेळेवर हजर. एकूण एक जणी साबुदाण्याची खिचडी खाऊन! एकीने तर येताना राजगिऱ्याचा लाडू खाल्लेला, पदराला अजून कण होते. उपवासच केला होता की त्यांनी.

साहेबांचा पारा चढला. सगळ्यांसमोर मला बोलले, "तुम्हाला साधं समजावता येत नाही?" तेव्हा ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, "बया, कडकडीत म्हनायचं. नुसता उपास म्हनलं की फराळ आलाच." एक शब्द! तो शब्द त्या आजीकडे आधीपासून होता. चिठ्ठी छापायच्या आधी तिला दाखवली असती तर बत्तीस बायकांची सकाळ आणि गाडीचं डिझेल वाचलं असतं.

पुढच्या खेपेला मी माझ्या हाताने लिहिलं, "कडकडीत उपाशी. चहासुद्धा नाही. पाणी चालेल." सगळ्या बरोबर आल्या. अहवालात त्याची नोंद काय? 'संवादसाहित्यात सुधारणा करण्यात आली.' आजी गेली कुठे, मी गेले कुठे.

---

पर्वतीपायथा

राजगिऱ्याचा लाडू 😂😂 मेलो.

---

आकडेमोड

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी संख्याशास्त्रवाला.

खिचडीचा किस्सा छान आहे, पण तो भाषेचा प्रश्न झाला. चांगला अनुवादक ठेवला असता तरी सुटला असता. काकांचा मुद्दा त्याहून मोठा आहे: काय मोजायचं हे लोकांनी ठरवावं का? मला भीती वाटते ती इथे. लोक म्हणजे कोण? बैठकीला येतो कोण? ज्याला सकाळी अकराला मोकळा वेळ आहे तो. म्हणजे पुण्यात कोण, हे सांगायची गरज आहे का? निवृत्त, पेन्शनधारक, पेपरात पत्रं लिहिणारा, बहुतेक पुरुष. काका, राग मानू नका, पण तुम्ही येरवड्याच्या वस्तीतल्या मधुमेही बाईच्या वतीने बोलू शकता का? चार जणांना विचारून निकष बदलला तर तो चार जणांचा निकष झाला. मी नमुना निवडताना एवढा जीव काढतो, आणि प्रश्न निवडताना मात्र जो समोर आला त्याचं ऐकायचं?

शिवाय पेशंटांना विचारून अभ्यास सुधारतो याचा पुरावा मोजायचा कसा? परदेशात निबंधांत "आम्ही रुग्णांना सामील करून घेतलं" एवढंच एक वाक्य लिहायची पद्धत पडली होती. कुणाला, कधी, त्याने काय बदललं, काही नाही. म्हणून तर २०१७ मध्ये ग्रिप-२ नावाची तपासणी-यादी काढावी लागली.

---

जुना_कारकून

@आकडेमोड, राग कसला. तुम्ही वर्णन केलेला माणूस मीच आहे, पेपरातल्या पत्रांसकट. आणखी एक भर घालतो. चार वर्षं बसून मी आता 'सामान्य' राहिलेलो नाही. परवा 'प्लॅसिबो' (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) हा शब्द मी इतक्या सहज वापरला की शेजारच्या वकीलबाईंनी वळून बघितलं.

पण एक विचारतो. आज निकष कोण ठरवतं? एकच जण, तोही डॉक्टर, तोही बहुतेक पुरुष, आणि त्याला तो आजार नाही. चार जणांचा नमुना लहान, तर एकाचा?

---

आकडेमोड

हं. हे मान्य.

---

टेम्सकाठचा_पुणेकर

इकडे इंग्लंडमध्ये आरोग्य संशोधनात काम करतो, म्हणून इकडचं सांगतो. इथे एनआयएचआर ही सरकारी पैसा देणारी यंत्रणा. त्यांच्या अर्जात विचारतातच की रुग्णांना आणि जनतेला कसं सामील करून घेतलंत. यासाठीचा सल्लागार गट १९९६ पासून होता, पुढे त्याचं नाव इन्व्हॉल्व्ह झालं. २०१९ मध्ये या कामाची राष्ट्रीय मानकंही आली. शब्दांचा घोळ मिटवायला त्यांनी दोन वेगळे शब्द केले. अभ्यासात रक्त देणारा वेगळा, अभ्यास ठरवायला बसणारा वेगळा. दुसऱ्या कामासाठी नीतिमत्ता समितीची परवानगी लागत नाही, कारण तिथे माणूस सल्लागार असतो, नमुना नसतो. भारतात हेच करायला गेलो तर आधी संमतीपत्र मागतात. सल्ला द्यायचा म्हणून आजीने तीन पानांवर अंगठा उठवायचा.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. माझ्या इथल्या सहकाऱ्यांचा सूर डॉ. खवचटांसारखाच असतो, फक्त इंग्रजीतून आणि जास्त हळू आवाजात. अर्जात रकाना आहे म्हणून भरायचा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एखाद्या पेशंटला फोन करायचा, "दोन ओळी लिहून द्याल का?" आणि दर बैठकीला तेच चार चेहरे. शेरी अर्न्स्टाइन या बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खाली लोकांना झुलवणं, मधे माहिती देणं, मत विचारणं, वर भागीदारी, सगळ्यात वर लोकांच्या हाती सत्ता. आमच्याकडची बहुतेक मंडळी मधल्या पायरीवर बसून वरच्या पायरीचे फोटो काढतात.

एक फरक मात्र डोळ्यांनी बघितलाय. ज्याने एकदा खरोखर विचारलं आणि त्यामुळे अभ्यास वाचला, तो पुढच्या वेळी कुणी न सांगता विचारतो. विरोध करणाऱ्यांत जास्त भरणा कधीच न केलेल्यांचा असतो.

---

संमतीपत्रवाली

@आकडेमोड, "चांगला अनुवादक ठेवला असता" म्हणालात म्हणून लॉगिन केलं. मीच ती अनुवादक. पुण्यातल्या चाचण्यांची संमतीपत्रं मराठीत करते.

आमचं काम कसं चालतं सांगते. मी इंग्रजीचं मराठी करते. मग दुसरा कुणीतरी माझ्या मराठीचं परत इंग्रजी करतो, आणि कंपनी दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडून बघते. त्यामुळे मी कुठला शब्द निवडते? पेशंटला कळेल तो नाही. जो परत जाताना धडपणे इंग्रजीत पोचेल तो. 'यादृच्छिकीकरण' (कोण कुठल्या गटात जाणार ते योगायोगावर सोडणं) लिहिलं की शंभर टक्के बरोबर परत जातं. वाचणाऱ्याला ते औषधाचं नाव वाटतं.

एकदा मी हट्टाने 'चिठ्ठी टाकून ठरवले जाईल' असं लिहिलं. खूश होते. मग समन्वयक ताईंनी तो कागद ओपीडीतल्या काही जणींना वाचून दाखवला. एक बाई म्हणाली, "म्हणजे भिशीसारखं? ज्याची चिठ्ठी लागेल त्याला खरं औषध?" दुसरी म्हणाली, "मग माझी या महिन्यात नाही लागली तर पुढच्या महिन्यात लागेल ना?" भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतोच! आणि चिठ्ठी लागली म्हणजे फायदाच. नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे की नाही हेच माहीत नाही म्हणून तर चाचणी असते, आणि माझ्या एका शब्दाने ते बक्षीस होऊन बसलं. शेवटी लिहिलं: "नाणं उडवल्यासारखं. डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही ठरवणार नाही. कुठला गट चांगला ते आज कुणालाच माहीत नाही." हे शेवटचं वाक्य त्या पहिल्या बाईने सुचवलं. ती धुणीभांडी करते. तेव्हा चांगला अनुवादक ठेवून भागत नाही हो.

---

भोसरीकर

हे सगळं नवीन आहे असा सूर दिसतोय म्हणून. आमच्या भोसरीत १९९२ पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, सगळे 'नारी'च म्हणायचे. भारतातली एड्सच्या लशीची पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये तिथेच सुरू झाली. एचआयव्हीच्या क्षेत्रात लोकांना विचारणं ही मेहरबानी नव्हतीच. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरमध्ये एड्सच्या रुग्णांनी जाहीरनामाच काढला होता, आम्हाला 'बळी' म्हणू नका, निर्णयात बसवा. तिथून पुढे या चाचण्यांच्या जागतिक जाळ्यांत समुदाय सल्लागार मंडळ ही अट झाली.

मी बऱ्याच वर्षांपूर्वी अशा एका मंडळावर होतो. (कुठल्या ते राहू द्या.) आम्ही एकच गोष्ट लावून धरली होती. फॉलोअपसाठी घरी येताना गाडीवर संस्थेचं नाव नको. गाडी गल्लीत शिरली की पोराचं लग्न मोडतं. सायंटिस्ट लोकांच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. ते म्हणत होते, लोक फॉलोअपला का टिकत नाहीत.

---

पुणे५२

उलटं टोकही लक्षात ठेवा. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस) प्रकल्प झाला. खम्मममध्ये वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीवर वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० मध्ये तो थांबवावा लागला, पुढे संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती. पण आईबापांना न विचारल्याचं बिल ती लस कितीतरी वर्षं भरत राहिली.

आणि पुणेकर हात पुढे करत नाही असं कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०२० मध्ये कोविशिल्डची देशातली चाचणी पुण्यात सुरू झाली तेव्हा माझ्या सोसायटीतले तिघे नाव द्यायला धावले होते. टोचायला दंड मागितला, दंड दिला. डोकं कुणी मागितलंच नाही.

---

डॉ_खवचट

पाण्याच्या हंड्यांवर परत येतो, कारण रात्रभर तेच डोक्यात होतं.

आपल्याच जिल्ह्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात नुसते उष्मांक मोजले नाहीत. शेतातलं काम, पाणी आणणं, असले कष्टही मोजले, आणि जास्त कष्ट करणाऱ्या बायकांची बाळं लहान निघाली. हिरव्या पालेभाज्या, दूध, फळं खाणाऱ्यांची बाळं मोठी. म्हणजे हंडा हा शास्त्राच्या कक्षेत होता! मीच त्याला कक्षेबाहेरच्या रकान्यात टाकलं. त्या बायका मला अभ्यासाचा चल, म्हणजे मोजायची गोष्ट, सांगत होत्या आणि मला ती तक्रार वाटली.

गडचिरोलीचं उदाहरण सगळे देतात, पण मला त्यातली एकच गोष्ट आठवते. बंग दांपत्याने आदिवासींना विचारलं, दवाखाना कसा हवा? मोठी इमारत नको, आमच्या पाड्यासारखा हवा, असं उत्तर आलं. दवाखान्याला नाव दंतेश्वरी देवीचं. आणि याच डॉक्टरांचा १९८९ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध: दोन गावं, ६५० बायका, त्यातल्या ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोग. विचारणारे आहेत म्हणून शास्त्र पातळ झालं असं तिथे तरी दिसत नाही. @आकडेमोड, हे तुमच्यासाठी.

---

आकडेमोड

निबंध वाचलाय. पण प्रत्येकजण गावात जाऊन राहू शकत नाही, डॉक्टर. एमडीच्या पोराला तीन वर्षांत थिसिस द्यायचा असतो, विषय गाइड देतात, आणि सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) पहिल्या काही महिन्यांत जातो. त्याने कुणाला आणि कधी विचारायचं?

---

फील्डवाली

आशाताईला विचारा. दहा मिनिटं लागतात. फक्त तिला उभं ठेवून नको, बसवून.

---

जुना_कारकून

तीन आठवड्यांनी वर काढतोय, कारण बातमी आहे.

आमच्या समितीने तो चालण्याचा प्रस्ताव 'पेशंटांशी बोलून सुधारून आणा' म्हणून परत पाठवला होता. मला वाटलं पोरगा चिडेल. त्याने मला फोन केला, "काका, सहा जणांना मंगळवारी ओपीडीनंतर बसवतोय, तुम्ही याल?" मी म्हटलं मी येणार नाही, आकडेमोडांनी बरोबर सांगितलंय, मला सोडून बोलवा.

तरी चहाच्या निमित्ताने दारापर्यंत गेलो. बाकावर सहा जण. त्यात मार्केट यार्डात हमाली करणारा एक होता. त्याला जेवणानंतर चालायचं सांगितल्यावर तो डॉक्टरकडे बघतच राहिला. दिवसभर पाठीवर पोती घेऊन चालतो तो. शिवाय पहाटे चारला यार्डात, त्यामुळे सकाळी आठला उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणजे चार तास रिकाम्या पोटी ओझं उचलायचं. एक बाई म्हणाली, रात्री नऊनंतर आमच्या गल्लीत बाईमाणूस चालायला निघत नाही, कुत्री आणि टवाळ पोरं. आणि रात्री साखर उतरायची भीती, ती सहापैकी चौघांनी आपणहून काढली. मी एक अक्षर बोललो नव्हतो.

सुधारित प्रस्तावात आता रात्री साखर उतरण्याच्या नोंदीची वही आली. रक्तासाठी रविवारचा पर्याय आला, यार्डात पहाटेची पाळी असणाऱ्यांसाठी. चालणं घरातल्या घरातही चालेल असं झालं. हमालांना अभ्यासात घ्यायचं का यावर तो आणि त्याचे साहेब अजून भांडताहेत.

काल तो परत आला होता, कागद दाखवायला. म्हणाला, "काका, एक अडचण आहे. हे बदल कुणी सुचवले ते कुठे लिहू? फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही."

---

डॉ_खवचट

'अभ्यासाच्या कक्षेबाहेर' रिकामा असेल बघा.

---

जुना_कारकून

हाहा. पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर घातलाय मी तो रकाना. कोरमसाठी माझी गरज आहेच त्यांना.